घाटावरचे पाणी

साजगाव हे खालापूर तालुक्यातले, खोपोलीला लागून असलेले गाव. तिथे विठोबाचे देऊळ आहे आणि कार्तिकी एकादशीला यात्रा भरते. पंढरीची वाट ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी ही धाकटी पंढरी. इथल्या देवाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात, आणि हे नाव ऐकले की लेख लिहिणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते, कारण नुसत्या नावातच अर्धा लेख तयार असतो. कोणी सांगते, तुकोबा मिरच्या विकायला कोकणात उतरले, गिऱ्हाइकांनी माल उधारीवर नेला आणि पैसे बुडवले, तेव्हा विठ्ठलानेच बोंब ठोकून वसुली करून दिली, म्हणून हे नाव. कोणी म्हणते, एवढे लांब कशाला जायचे, यात्रेत सुक्या बोंबलांचा बाजार भरतो म्हणून. आता समजा, एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांना या यात्रेवर आठशे शब्द मागितले आणि संध्याकाळपर्यंत हवेत म्हणून सांगितले. एक जण गेल्या वर्षीचे कात्रण शोधतो, दोन फोन करतो, पहिली दोन वाक्ये पाच वेळा खोडतो आणि शेवटी 'भक्तिमय वातावरणात' या शब्दांनी सुरुवात करून कसाबसा तळ गाठतो. दुसरा तासाभरात हातावेगळे करतो, आणि त्याच्या लेखात नावाच्या दोन्ही व्युत्पत्ती एका वाक्यात येतात, कोणतीही एक खरी म्हणून ठोकून दिलेली नसते. दोघांची बोटे जवळपास सारख्याच वेगाने चालतात. मग तासाभराचा आणि अख्ख्या दुपारचा हा फरक आला कुठून?

लवकर लिहायला शिकायचे म्हणजे काय, याची उत्तरे बहुधा बोटांपाशी किंवा घड्याळापाशी घुटमळतात. टंकलेखन सुधारा, आधी मुद्दे काढा, घड्याळ लावून बसा, पहिला खर्डा वाईट झाला तरी थांबू नका, रोज लिहा. यातले काही खोटे नाही. पण हे सारे सल्ले लेखक कागदासमोर बसल्यानंतरच्या वेळाबद्दल आहेत, आणि माझे म्हणणे असे की लिहिण्याचा वेग त्या वेळात ठरतच नाही. तो आधीच ठरून गेलेला असतो. त्यामुळे जो लेखक लिहितानाचा वेग वाढवायला जातो तो चुकीच्या जागी जोर लावतो. वाढवायची असते ती लिहिण्याआधीची संथ मजुरी, तीही कोणी लेख मागितलेला नसताना. हे उलटे वाटते. पण साजगावातल्या माणसाला ते उलटे वाटायचे कारण नाही, कारण त्याचा एक भलाथोरला दाखला शेजारीच, खोपोलीत, १९१५पासून उभा आहे.

खोपोलीचे टाटांचे वीजघर पाहणाऱ्याला डोळ्यांत भरते ते घाटाच्या उतारावरून खाली येणारे जाड नळ. वर, लोणावळ्याच्या अंगाला, वळवण आणि शिरोट्यासारखी धरणे आहेत. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस तिथे अडतो. सोडून दिला असता तर हे पाणी पूर्वेला, पठाराकडे निघून गेले असते. ते पश्चिमेला वळवून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून खाली सोडले जाते, चाक फिरते, वीज तयार होते; आरंभी ती मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुढे अशीच घरे कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२मध्ये आणि दक्षिणेला भिऱ्याला १९२७मध्ये उभी राहिली. जलविद्युतेची खुबी अशी की मागणी वाढली तर ती काही मिनिटांत चालू करता येते. कोळशाच्या भट्टीला तापायलाच तासन्‌तास लागतात. पाहणाऱ्याला वाटते, काय हा वेग! पण त्या मिनिटांत पाण्याने काहीच नवे केलेले नसते. वेग चार महिन्यांच्या पावसात आणि घाटाच्या उंचीत साठलेला होता. झडप उघडणे एवढेच काम उरले होते. लेखाचेही असेच तीन भाग पडतात असे मला वाटते: साठा, उतार आणि झडप. साठा म्हणजे विषय माहीत असणे. उतार म्हणजे त्या माहितीने कोणत्या दिशेने खाली यायचे हे ठरलेले असणे. झडप म्हणजे कधी उघडायचे आणि, त्याहून अवघड, कधी बंद करायचे. बोटांचा वेग या तिन्हींत कुठेच येत नाही.

आता कोणी म्हणेल की हाताच्या वेगाला इतके हलके लेखू नका. मराठी माणसाने तर हाताच्या वेगासाठी एक अख्खी लिपी चालवली. हे खरेच आहे. मोडी ही घाईची लिपी. तिच्या उगमाचे श्रेय यादवांचा प्रधान हेमाद्री याला देतात. आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवत जायचे. कित्येक शतके सरकारी कारभार, हिशेब, पत्रे या लिपीत झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती सरकारी दप्तरातून गेली. पण या वेगाची किंमत कोणी मोजली हेही पाहायला हवे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, आणि अक्षरांची वळणे लिहिणाऱ्यागणिक बदलतात. लिहिणाऱ्याने वाचवलेला वेळ वाचणाऱ्याला भरून द्यावा लागे. ज्या कचेरीत लिहिणारा आणि वाचणारा एकाच धंद्यातले, तिथे हे चालून गेले. मासिकाच्या वाचकावर ही उधारी टाकता येत नाही. आज बोलून टंकणारी यंत्रे आली, सांगितलेल्या विषयावर क्षणात पान भरून देणारीही आली. ती मोडीचीच नातवंडे. लेखणी उचलायची नाही एवढे ती सांभाळतात. वर पाणी आहे की नाही, हा प्रश्न ती सोडवत नाहीत, आणि कोरड्या धरणाची झडप उघडली की जो आवाज येतो तो अशा पुष्कळ मजकुरात ऐकू येतो.

मोडीच्याच दुनियेतली एक आख्यायिका मात्र माझ्या बाजूने साक्ष देते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना एक महत्त्वाचे पत्र लिहून आणायला सांगितले होते. दिवसभराच्या धांदलीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हातात धरला आणि पत्र वाचून दाखवले, अडखळल्याशिवाय. मशालजीला हसू आवरले नाही आणि बिंग फुटले, असे कथा सांगते. गोष्ट खरी असो वा नसो, ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली कारण ती लेखनाबद्दल नेमके काहीतरी सांगते. बाळाजींच्या हाताच्या वेगाचा इथे प्रश्नच नाही, कारण हाताने काहीच लिहिलेले नाही. तरीही पत्र तयार आहे. कोणाला काय आश्वासन द्यायचे, कोणाचा मायना कसा, महाराजांचे धोरण काय, कुठला शब्द दरबारात चालतो आणि कुठला नडतो, हे रोजच्या कामात मुरलेले होते. आपण लेखाला लागणारा वेळ म्हणून जो मोजतो, तो बहुतेक वेळा न लिहिण्याचा असतो: पुढचे वाक्य कोणते याचा, म्हणजेच आपल्याला काय म्हणायचे आहे हे ठाऊक नसल्याचा. बाळाजींना ते ठाऊक होते.

आख्यायिकेवर भागत नसेल तर 'गीतारहस्य' घ्या. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला. १९१०च्या नोव्हेंबरात सुरू केला आणि १९११च्या मार्चअखेर खर्डा पुरा झाला, म्हणजे जेमतेम पाच महिने. शाई नव्हती, शिसपेनने, वह्यांत. सुटून आल्यावर १९१५मध्ये तो छापून निघाला. एवढ्या आकाराचा, इतका वाद घालणारा ग्रंथ पाच महिन्यांत, ही गोष्ट पुष्कळदा टिळकांच्या प्रतिभेचा आणि निश्चयाचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण प्रस्तावनेत टिळक स्वतः मागे जातात ते १८७२पर्यंत, शेवटच्या आजारात असलेल्या वडिलांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवली त्या दिवसांपर्यंत. तिथून मंडालेपर्यंत अडतीस वर्षे होतात. या अडतीस वर्षांत गीता कर्म सोडायला सांगते की करायला, हा एकच प्रश्न त्यांच्या मनात फिरत राहिला, त्यावर व्याख्याने झाली, भाष्ये पुनःपुन्हा वाचून झाली. पाच महिने ही नळातून पाणी खाली यायला लागलेली वेळ आहे. आणखी एक बारीक गोष्ट: 'केसरी'सारख्या साप्ताहिकात वर्षानुवर्षे लिहिलेल्या माणसाला मुद्दा कुठे सुरू करायचा, पूर्वपक्ष कुठे मांडायचा आणि कुठे खोडायचा याचा सराव होता. साठा गीतेचा होता, उतार 'केसरी'ने दिला. नुसते अडतीस वर्षे वाचत बसलेले पंडित तेव्हाही कमी नव्हते; त्यांच्याकडून पाच ओळीही आल्या नाहीत.

उतार ही गोष्ट माणसे विसरतात, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन्न गीते गदिमांनी लिहिली, सुधीर फडक्यांनी ती स्वरबद्ध केली. लेख आणि गीत यांत अंतर आहे, पण मुदतीचा जाच दोन्हीकडे तोच. पहिल्याच गीताचा कागद हरवला आणि गदिमांनी ते बसल्या जागी पुन्हा लिहून दिले, असे सांगतात. त्यांच्या शब्दप्रभुत्वाबद्दल नवे काही सांगायला नको. पण छप्पन्न आठवडे न अडखळण्यामागे आणखी एक कारण होते: पुढच्या आठवड्यात कुठे जायचे हे वाल्मीकींनी ठरवून ठेवले होते. रोज सकाळी 'आज कशावर लिहू' हा प्रश्न नव्हता, 'आज कोण बोलणार' एवढाच होता. याच्या उलटचे उदाहरण हरिभाऊ आपट्यांचे. 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्याने लिहिताना त्यांनी मराठी कादंबरीला घडवले, मात्र त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. साठा अफाट, हात चालता, वाचक वाट पाहत असलेले, तरी पाणी मध्येच पसरले. हरिभाऊंसारख्याचे असे होते, तर आठशे शब्दांचा लेख शेवट न ठरवता सुरू करणाऱ्याने आपली दुपार कुठे गेली याचे नवल करू नये.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. चांगले लिहायला वेळ लागतोच. जे लवकर होते ते उथळ असते. तेव्हा लवकर लिहायला शिकणे म्हणजे वाईट लिहायला शिकणे. मराठीत याची परीक्षा घ्यायला दोन कोश आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी लोकांकडून भागभांडवल गोळा करून ज्ञानकोशाचा घाट घातला आणि १९२०चे दशक संपता संपता त्याचे तेवीस खंड मराठी वाचकाच्या हाती होते. विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभे केले. पहिला खंड १९७६मध्ये आला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडले. आक्षेप घेणारा म्हणेल, पाहा, संथपणाने अचूकता आली. आलीच, विश्वकोशातल्या विज्ञानाच्या नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिल्या आहेत, आणि ज्ञानकोशावर केतकरांच्या मतांची छाप इतकी गडद आहे की काही ठिकाणी कोश वाचतो आहोत की केतकर, हे कळत नाही. पण एकोणचाळीस वर्षांत दुसरेही काही होते. विसावा खंड येईपर्यंत पहिल्या खंडातले जग बदललेले असते. पहिल्या आणि शेवटच्या खंडांच्या मध्ये सोव्हिएत संघ नकाशावरून गेला. संथपणाही शिळा होतो, ही गोष्ट वेगाचे टीकाकार हिशेबात धरत नाहीत. आणि केतकरांच्या घाईतून काय उरले ते पाहा: त्यांच्या हाताखाली काम केलेल्या दाते आणि कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत काढले. ते इतक्या लवकर का निघाले? कारण कोश कसा करतात, नोंद कशी लावतात, कुठे थांबतात हे ज्ञानकोशाच्या कचेरीत आधीच शिकून झाले होते. एका कामाचा वेग दुसऱ्याचा साठा बनतो, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार. तेव्हा आक्षेपातले खरे ते एवढेच, की साठा नसताना केलेली घाई उथळ असते. ते मी नाकारत नाही; माझेही तेच म्हणणे आहे.

पण अशा घटना असतात की जिथे साठा करायला कोणी सवडच देत नाही, मग काय? याचे उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण खालापूर तालुक्यात ती घटना फार जवळ आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी, ठाकरांची वस्ती, दरडीखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच लिहायचे होते, ताबडतोब. मृतांचा आकडा तासातासाला बदलत होता. शोध २३ जुलैला थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. या चार दिवसांत लवकर लिहिणे म्हणजे काय? ज्याने आकड्याच्या मागे धाव घेतली त्याचा मजकूर छापेपर्यंत खोटा ठरला. ज्याला एवढे माहीत होते की वाडीला गाडीरस्ता नाही, वर जायला फक्त चढणीची पायवाट आहे, त्याला माती उपसणारे यंत्र का पोचणार नाही हे पहिल्याच वाक्यात सांगता आले. ज्याला दरडप्रवण गावांची यादी नावाची एक चीज असते हे माहीत होते, त्याने पहिल्या दिवशीच विचारले, ही वाडी त्या यादीत होती का? नव्हती, सरकारने ते विधिमंडळात सांगितले. हा प्रश्न विचारायला प्रतिभा लागत नाही. त्यासाठी २०२१मध्ये महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले तेव्हा कोणीतरी वहीत एक ओळ लिहून ठेवलेली असावी लागते: अशी यादी असते, ती कोण करतो, केव्हा केली, त्यात आपल्या तालुक्यातली कोणती गावे. इरशाळवाडीबद्दल साठा करणे कोणाला शक्य नव्हते. दरडींबद्दल शक्य होते. आणि झडपेचाही भाग इथेच कळतो: जो तास कळत नाही त्या तासाबद्दल न लिहिणे, आकड्याशेजारी वेळ लिहिणे, नावे नातेवाइकांना कळल्याशिवाय न छापणे. लवकर लिहिणाऱ्याला काय लिहायचे नाही हे आधी ठरवून ठेवता येते. उशिरा लिहिणाऱ्याला तशी गरजही वाटत नाही, हा त्याचा धोका.

मृत्युलेख हा याच जातीचा, पण सुखरूप अंतरावरून लिहायचा प्रकार. माणूस जातो तेव्हा संपादकाला पूर्वसूचना नसते. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ला निघाला आणि तीनच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकर गेले. पुढे १९६४मध्ये नेहरू गेले तेव्हा अत्र्यांनी जे लिहिले त्याचे 'सूर्यास्त' हे पुस्तक झाले. ज्या माणसाशी आयुष्यभर भांडलो, ज्याच्यावर प्रेम केले, ज्याच्या सभा ऐकल्या, त्याच्याबद्दल लिहायला रात्र पुरते. जिथे ही गुंतवणूक नसते तिथे 'कधीही भरून न येणारी पोकळी' निर्माण होते आणि ती खरोखरच भरून येत नाही, कारण ती मजकुरातच असते.

साठ्याबद्दल आणखी एक शंका राहते, आणि ती मला सर्वांत अस्वस्थ करते. साठा करायला सवड लागते, आणि सवड कोणाला असते? तालुक्याचा वार्ताहर बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशावर काम करतो. वही भरण्यात गेलेल्या दिवसाचे त्याला कोणी काही देत नाही. खोपोलीच्या उपमेचीही इथे दुसरी बाजू दिसते. पाणी अडवले म्हणजे कोणाची तरी जमीन बुडते. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण झाले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना सेनापती बापटांबरोबर १९२१पासून तीन वर्षे सत्याग्रह करावा लागला. साठा फुकट नसतो, त्याचे मोल कोणी तरी चुकवते. लेखनातही टिळकांची अडतीस वर्षे, चिपळूणकरांनी सात वर्षे एकट्याने चालवलेली 'निबंधमाला', यांमागे घरात दुसऱ्या कोणी तरी उपसलेले कष्ट आणि जन्माने मिळालेले अक्षर होते. तेव्हा 'साठा करा' हा सल्ला ज्यांच्याकडे तळे आहे त्यांनाच दिलेला नाही ना, असे विचारणे रास्त आहे.

मला याचे उत्तर मुक्ता साळवेपाशी सापडते, आणि ते माझ्या युक्तिवादाला थोडे वाकवतेही. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती आणि शाळेची तीनेक वर्षे झाली होती. ग्रंथसंग्रह, मुदतीचा सराव, कोशाची कचेरी, यांतले काही नव्हते. तरी त्या निबंधात धर्मावर असा थेट प्रश्न आहे की मोठमोठ्या निबंधकारांनी तो घुमवून घुमवून विचारला असता. तिचा साठा पिढ्यान्‌पिढ्या अडवलेला होता, फक्त तो कोणी पाणी म्हणून मोजला नव्हता. शाळेने तिला उतार दिला. याचा अर्थ असा की साठा नेहमी सवडीतूनच येतो असे नाही; पुष्कळांकडे तो असतो आणि आपल्याकडे आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. साजगावच्या यात्रेत वर्षानुवर्षे मिरच्या किंवा सुके बोंबील विकायला बसणारी बाई यात्रेबद्दल कुठल्याही वार्ताहरापेक्षा अधिक जाणते. ती लिहीत नाही, आणि वार्ताहर तिला विचारत नाही. दोघांचा मिळून एक लेख तासाभरात होईल.

तालुक्याच्या वार्ताहराला सवडच नाही, हे पूर्णपणे खोडता येत नाही, मीही खोडत नाही. पण साठा म्हणजे ग्रंथालय नव्हे, एवढे सांगता येईल. सरोवर चार महिन्यांच्या सरींनी भरते, एका दिवसात नाही. एका लेखासाठी गोळा केलेले आणि जागेअभावी गळलेले जे काही असते, ते फेकले नाही तर पुढच्या लेखाचे अर्धे काम होते. बहुतेक लेखक नेमके तेच फेकतात. लेख पुरा झाला की उरलेले कागद टोपलीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोऱ्या जागेपासून सुरुवात. यात्रेवर सलग पाचव्या वर्षी लिहिणाऱ्याचा लेख पहिल्या वर्षाइतकाच वेळ खात असेल, तर त्याने पाच वर्षे लिहिले नाही, एकच वर्ष पाचदा लिहिले. दुसरा धोका याच्या अगदी उलट बाजूला असतो: साठ्याऐवजी साचा. पाच वर्षांनी लेख दहा मिनिटांत होऊ लागला तर संशय घ्यावा. बहुधा तो तोच लेख असतो, फक्त तारीख बदललेली. साचा हा बाहेरून साठ्यासारखाच दिसतो, कारण दोन्हींतून वेग येतो. ओळखायची खूण एकच आहे: यंदा तिथे काही नवे घडले असेल तर ते लेखात शिरू शकते का? साठ्यात शिरते. साच्यात त्याला जागा नसते.

म्हणून यंदाच्या कार्तिकीवर ज्याला एका बैठकीत लिहायचे आहे, त्याची वही आषाढातच उघडी असायला हवी, वर वळवणच्या धरणात पाणी चढत असताना. तीत प्रश्न असतील, उत्तरे नंतर येतील. बोंबल्या हे नाव कोणत्या घरात कोणत्या अर्थाने सांगतात, आणि सांगणारे शेतकरी की कोळी? संतचरित्रकार महिपतीने सांगितलेल्या तुकोबांच्या कथेत आणि साजगावात सांगतात त्या कथेत अंतर कुठे पडते? यात्रेत बोंबील कोणत्या बंदरातून येतात, अलिबागकडून की उरणकडून, आणि पूर्वी बैलगाडीने यायचे ते आता कशाने येतात? मिरच्या अजून विकल्या जातात का? पूर्वी यात्रेत वर्षभराची सुकट घेऊन ठेवणारी घरे आता किती उरली? वीजघरातून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते, त्या काठच्या गावांतून यात्रेला येणाऱ्यांना नदीबद्दल काय म्हणायचे आहे? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी पुरे. बाकीचे पुढच्या कार्तिकीला.